दत्तूची पंगत

"इथे बसा वहिनी, भिंतीला टेकता येईल," म्हणत मंजूषानं अपर्णाला पंगतीच्या कडेला बसवलं.

मंजूषाच्या शाहपुऱ्यातल्या घरातले सोफे आज गच्चीत गेले होते आणि हॉलभर सतरंज्या अंथरून त्यांच्यापुढे केळीची पानं मांडली होती. दहावीच्या वर्गातली मराठी मंडळी दिवाळीनंतरच्या रविवारी अशी जमायची. टेबल-खुर्ची चालणार नाही, मांडी घालूनच जेवायचं, हा त्यांचा जुना हट्ट, आणि पंचावन्नीतले गुडघे आता त्यावर कुरकुरत होते. दुसरा नियम नवरे-बायकांना न आणण्याचा. तो यंदा पहिल्यांदा मोडला होता. उन्हाळ्यात दत्तू गेला, म्हणून मंजूषानं अयोध्या नगरला त्याच्या घरी फोन करून त्याच्या बायकोला, अपर्णाला, आग्रहानं बोलावलं होतं.

अपर्णा आली होती ती एक गोष्ट मनात धरून. दरवर्षी नवरा इस्त्रीचा शर्ट घालून इथे यायचा. कसं झालं विचारलं की "मस्त झालं" एवढंच सांगायचा आणि वर घरचा वरणभात जेवायचा. पंगतीला जाऊन आलेला माणूस उपाशी कसा? या लोकांत आपल्या नवऱ्याला कोणी विचारत होतं की नाही, हे तिला एकदा डोळ्यांनी बघायचं होतं.

मघापासून ती ऐकत होती. "फार चांगला होता हो," विश्वास म्हणाला. "एकदम सीधा आदमी," आशिष म्हणाला. मंजूषालाही पुढे काही सुचेना. दत्तू कधी पहिला आला नव्हता की कधी वर्गाबाहेर उभा राहिला नव्हता. गाणं नाही, मारामारी नाही. अशा माणसाची गोष्ट सांगायची तर सुरुवात कुठून करायची? अपर्णा मान हलवत राहिली. चांगला होता हे तर तेराव्याला शेजारीही म्हणाले होते.

सगळे बसले. श्लोक म्हणून झाला. पोटात कावळे ओरडत होते तरी गप्पांना ऊत आलेला. कोणीतरी गणिताच्या सरांची नक्कल केली तेव्हा अपर्णाही थोडी हसली. मग भूक अनावर होऊन आशिषनं मान उंच केली आणि स्वयंपाकघराकडे बघत हाक मारली,

"अरे दत्तू, मीठ तर येऊ दे यार! शुरू कर ना!"

हसणं थांबलं. सगळ्या माना स्वयंपाकघराच्या दाराकडे वळल्या होत्या, अपर्णाचीसुद्धा. दारात कोणी नव्हतं. आचारी सकाळीच रांधून गेला होता आणि आत पातेली झाकलेली होती. बाहेर सगळी पानं कोरी, आणि ती कोरी का, हे इतका वेळ एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं. बसायचं, श्लोक म्हणायचा, की पानात पडायला लागतं, एवढंच त्यांना ठाऊक होतं.

"सॉरी वहिनी," आशिषनं कपाळाला हात लावला. "तोंडून निघून गेलं."

"म्हणजे, आमचे हे वाढायचे इथे?" अपर्णानं विचारलं.

"दरवर्षी," मंजूषा म्हणाली, आणि तिला एकदम सुरुवात सापडली. "माझे बाबा गेले ना, त्या वर्षी मला घासच जात नव्हता. पानावरून उठणारच होते. दत्तू पानापुढे वाकला. नुसता मठ्ठा वाढला. थोड्या वेळानं परत वाढला. मग एवढासा भात. मी जेवले, वहिनी. किती दिवसांनी पोटभर जेवले."

"मला जिलेबी अर्धीच वाढायचा," विश्वास म्हणाला. "शुगर निघाल्याचं मी इथे कोणाला बोललो नव्हतो. नक्की आमच्या बायकोला फोन केला असणार."

"आणि स्वतः कधी जेवायचे?" अपर्णानं विचारलं.

"बसायचाच नाही," आशिष म्हणाला. " हात धरून ओढायचो आम्ही. म्हणायचा, अपर्णा जेवायची थांबली असेल, तिच्याबरोबर बसेन."

अपर्णानं पदर डोळ्यांना लावला. "थांबलेलीच असायचे मी," ती म्हणाली. तिला रडू आलं आणि फार बरंही वाटलं. इतकी वर्षं या घराविषयी धरलेली अढी तिचं तिलाच हसू यावं अशी निघाली होती. नाक पुसून ती उठायला लागली. "बसा तुम्ही सगळे. मी वाढते."

"अजिबात नाही!" एकाच वेळी सगळे ओरडले, आणि सगळेच उठले. गुडघे वाजले, कोणी भिंत धरली, कोणी शेजाऱ्याचा खांदा, आणि स्वयंपाकघराच्या दारात झुंबड उडाली. वाढायची सवय एकालाही नव्हती. चटणी डावीकडे की उजवीकडे यावरून आशिष आणि विश्वासची जुंपली. भाताचा चमचा कोणीतरी मठ्ठ्यात बुडवला. पण दत्तू सगळ्यात आधी मीठ वाढायचा, हे मात्र सगळ्यांना पाठ होतं. म्हणून जो तो मीठच घेऊन निघाला, कोणी वाटीतून, कोणी बशीतून, कोणी बरणीच घेऊन. आणि पंगतीत बसलेली एकटी अपर्णा, त्यामुळे जो तो तिच्याच पानापुढे वाकला. "सावकाश जेवा हं, वहिनी," एकेक जण म्हणत होता.

पानाच्या वरच्या कडेला मिठाच्या ढिगुल्यांची रांग लागली. भाताचा अजून पत्ता नव्हता. सगळ्यात शेवटी आशिष आला, चिमटीत मीठ धरून.

"वहिनी, मीठ?"

नको असलं की पानावर हात आडवा धरायचा असतो. अपर्णानं हात मांडीवरच ठेवला.

"वाढा," ती म्हणाली.