चेहऱ्यावरचं ऊन

"कसे भेटलात, ते सांगा," कॅमेरावाला म्हणाला. लग्नात दाखवायच्या व्हिडिओसाठी शलाका आणि निनाद बागेतल्या बाकावर नटून बसले होते. शलाकाच्या चेहऱ्यावर ऊन पाडायला तिची थोरली ताई चंदेरी पुठ्ठा धरून उभी होती.

"मैत्रिणीच्या घरी..." शलाकाने सुरुवात केली.

"कट! जरा हसून."

"मैत्रिणीच्या—"

"अगं, खरं सांग की," ताई म्हणाली. "मला बघायला आला होता हा. पोहे घेऊन तुला मीच पाठवलं, माझे हात थरथरत होते म्हणून. याला आवडलीस तू."

निनाद बुटांकडे बघू लागला. शलाकाची मान खाली गेली. त्यापेक्षा ताईने पुठ्ठा फेकून कडाकडा भांडावं, असं तिला वाटलं.

"मान वर कर," ताई म्हणाली. तिचे हात आता जराही हलत नव्हते. "चेहऱ्यावर सावली पडतेय."