यंदाचं पार्सल

मायणीच्या तलावावर गाडी पोचली तेव्हा साडेनऊ वाजले होते. महिला मंडळाच्या अडतीस बायका कराराच्या एसटीतून उतरल्या. वाट दाखवायला आलेल्या बाळासो गुरुजींनी त्यांना बांधावर उभं केलं आणि लाल पातळं नेसलेल्यांना मागं जायला सांगितलं.

"पाखरं बुजतात," ते म्हणाले.

"आमचं मालक कवा बुजलं न्हाईत, आन् पाखरं बुजत्यात व्हय?" मागून कुणीतरी म्हणालं. बायका तोंडाला पदर लावून हसल्या.

राहीबाई हसल्या नाहीत. त्यांच्या काखेत कापडी पिशवी होती. पिशवीत एक घोंगडी होती, ज्या घडीत घरी आली होती त्याच घडीत. तिच्याखाली मांजरपाटाचा एक तुकडा. शेजारणीनं, चंद्राबाईंनी, गाडीत दोनदा विचारलं होतं, पिशवी मी घेऊ का म्हणून. राहीबाईंनी दिली नव्हती.

उथळ पाण्यात फिकट गुलाबी पाखरं एका पायावर उभी होती.

"हे रोहित," गुरुजी म्हणाले. "दरसाल थंडीत येतात. याच पाण्यावर."

"आन् एखादा न्हाई आला तर?" राहीबाईंनी विचारलं. साताऱ्याहून निघाल्यापासून त्या पहिल्यांदाच बोलल्या.

गुरुजींनी पाण्यावरून नजर फिरवली. "बाई, इथनं कुठं मोजता येतंय."

चंद्राबाईंनी राहीबाईंचा हात धरला. राहीबाई सहलीला का आल्या ते त्यांना ठाऊक होतं. सगळ्या गल्लीला ठाऊक होतं.

अडुसष्ट साली राहीबाईंचा एकुलता मुलगा नाथाजी भरतीच्या रांगेतून पळून आला. राहीबाईंचे मालक लालासाहेब पलटणीतून हवालदार होऊन परतलेले. 'पुन्हा दारात दिसू नकोस,' एवढंच ते पोराला म्हणाले. पोरगा त्याच संध्याकाळी गेला. पत्र नाही, निरोप नाही. तिसऱ्या वर्षी मार्गशीर्षात राहीबाईंच्या नावानं पार्सल आलं. आत घोंगडी. पाठवणाऱ्याचं नाव नाही, शिक्का मायणीचा. तेव्हापासून दर मार्गशीर्षात एक. गल्ली बघायला लोटायची. लालासाहेब तेवढ्यापुरते उठून बाहेर जात. पोराचं नाव त्यांच्यासमोर कुणी काढत नसे. दिवाळीनंतर दोनदा वडूजला माजी सैनिकांच्या बैठकीला तेवढे जात, नाहीतर त्यांनी घर सोडलं नव्हतं.

यंदा पौष निम्मा सरला, तरी पार्सल आलं नव्हतं.

आज पहाटे राहीबाईंनी लालासाहेबांना पेज भरवली. श्रावणात त्यांचं उजवं अंग गेलं होतं. राहीबाई पांघरुणाची घडी घालत असताना ते नेहमीसारखे डाव्या हातानं खुणा करत राहिले. चारी कोपरे जुळव, काठ आत दाब. पलटणीची सवय.

"यील," जड जिभेनं ते म्हणाले. "उशीर झाला आसंल."

"व्हय," राहीबाई म्हणाल्या.

दुपारी गाडी विणकरांच्या वाडीत गेली. वाडीभर चिंचोक्याच्या खळीचा वास होता. लोकर कशी पिंजतात, सूत कसं काढतात, विणून झाल्यावर खळ कशी देतात, गुरुजी सगळं सांगत होते. "प्रत्येक घर काठाला आपली खूण सोडतं," ते म्हणाले. "घोंगडी कुठं का जाईना, घर कळतं."

राहीबाईंनी घोंगडीचा कोपरा उलगडून एका म्हातारीला दाखवला. काठात तीन पांढरे धागे होते.

"आकारामची," म्हातारी म्हणाली आणि तिनं शेवटच्या घराकडं बोट केलं.

आकाराम खड्ड्यात पाय सोडून मागावर बसला होता. त्यानं काठावरून बोट फिरवलं. "माजीच हाय."

"कोण नेतं हो?" चंद्राबाईंनाच राहवलं नाही.

"दिवाळी झाली की येऊन सांगून जातो एक माणूस. पुना येतो न्यायला. लय बोलत न्हाई. म्या घातलेली घडी मोडतो. सोता घालतो. चारी कोपरं जुळवून, काठ आत. मंग कापडात शिवतो आन् माज्याकडंच ठेवून जातो. पोस्टात टाकायचं काम माजं."

चंद्राबाईंचे डोळे भरले. "नाथाजी गं. जिता हाय. आईला इसरला न्हाई पोरगा. बापाला तेवढं एक अक्षर न्हाई कवा."

"यंदा आला न्हाई पर," आकाराम म्हणाला.

"दिसाया कसा हाय हो? अंगानं..."

"चंद्राबाई," राहीबाई मधेच म्हणाल्या, "गुरुजी हाका मारत्यात. जावा म्होरं. मी आलेच."

चंद्राबाई डोळे पुसत गेल्या. राहीबाई खड्ड्याच्या कडेला बसल्या.

"यंदा त्यांना यायला जमायचं न्हाई," त्या म्हणाल्या. "उजवं अंग गेलंय त्यांचं."

आकारामचा हात थांबला. "म्हंजी तुमी..."

"पयल्याच साली घडी वळखली मी. त्यांना कळू दिलं न्हाई." त्यांनी पिशवी मांडीवर ओढली. "एक घोंगडी द्या. आन् तेवढं पोस्टात टाका."

आकारामनं दांडीवरची नवी घोंगडी उतरवली. "घडी तशीच घालू?"

"नको. पोरं कोंबत्यात तशी कोंबा."

त्यांनी मांजरपाटाचा तुकडा काढून दिला. त्यावर गल्लीतल्या एका शाळकरी मुलीच्या अक्षरात पत्ता आधीच लिहून आणला होता. आकारामनं तो उजेडाकडं धरला. गाव तेच होतं, गल्ली तीच. दरसाल जिथं राहीबाईंचं नाव असे, तिथं यंदा लिहिलं होतं, हवालदार लालासाहेब मोहिते.