तडित पायरीवर बसला

अरे ऐका ना, आपला सुपरहिरो तडित, त्याचं कॉमिक परत सुरू झालंय आणि पहिल्या अंकाची चित्रं आपल्या शाल्मलीने काढलीत. तिचं पहिलंच काम. माझ्यासमोर बसून म्हणाली, “खरं सांग, कसा झालाय?”

मी वाचला आणि गोंधळलोच. जुन्या अंकांत पानोपानी ढिशूम असायचं, इथे एकपण नाही. तडित उडत येतो, तोवर बिल्डिंग पडलेली असते, मग शेवटपर्यंत तो नुसता पायरीवर बसलेला. मला वाटलं, बाइंडिंगवाल्याने मारामारीची पानं खाल्ली. तिच्या बॅगेतली दुसरी प्रतपण चाळली. सेम.

“बावळटा, पानं सगळी आहेत,” शाल्मली म्हणाली. “माझे पप्पा फायर ब्रिगेडमध्ये आहेत ना. पोचेपर्यंत उशीर झालेला असला, की घरी येऊन असेच बसतात. चहापण घेत नाहीत.”

मी परत ती पानं बघितली. तडितच्या बुटांवर धूळ होती, आधी मला दिसलीच नव्हती.

“मग? चांगलाय की नाही?”

“अजून कळत नाहीये गं,” मी म्हटलं. “पण तो पायरीवरून उठतो का, ते बघायला पुढचा अंक घेणार.”