आठ दिवसांची तयारी

“तुझं नाव काय, बाळा?”

“मनस्वी तेजस मढवी. वय साडेचार वर्षं. राहणार तळवली,” मनस्वी एका दमात म्हणाली. नजर डॉक्टरांच्या कपाळावर होती.

तेजसने रोखलेला श्वास सोडला. शेजारी बसलेल्या जागृतीने नवऱ्याकडे पाहिलंही नाही.

वर्षभर ती त्याला सांगत होती. मुलगी हाक मारली तरी वळत नाही. इतर मुलांत खेळत नाही. तेजसचं उत्तर ठरलेलं असायचं, “मी पन उशिराच बोललो. आईला विचार.” शेवटी बालवाडीच्या बाईंनी दोघांना बोलावलं. ऑटिझम असू शकतो, एकदा तपासून घ्या, म्हणाल्या. तेव्हा कुठे तो बेलापूरला डॉक्टरांकडे यायला कबूल झाला. गावात पोरीवर एकदा शिक्का बसला की लग्नापर्यंत पुसला जात नाही, असं त्याचं म्हणणं. कागदावर तर काही यायलाच नको. त्यानंतर आठ दिवस, कंपनीतून आला की तो मनस्वीला घेऊन आतल्या खोलीत बसायचा आणि दार लावून घ्यायचा.

डॉक्टर प्रियदर्शिनींनी चित्रांचं पुस्तक उघडलं. चेंडू कुठे आहे, विचारलं. मनस्वीने बोट ठेवलं. बाहुलीला भूक लागली, म्हटल्यावर तिने चमचा उचलून बाहुलीच्या तोंडाला लावला. सगळं बरोबर. तेजस खुर्चीत जरा मागे रेलून बसला.

“आज इथे कशात बसून आलात?” डॉक्टरांनी सहज विचारलं.

“मनस्वी तेजस मढवी. वय साडेचार वर्षं. राहणार तळवली.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मनस्वी उठून कोपऱ्यातल्या ठोकळ्यांकडे गेली आणि त्यांची रांग लावू लागली. आधी सगळे पिवळे, मग निळे.

“तिला कुणी शिकवलं हे?”

जागृतीने मान खाली घातली. आता डॉक्टर आपल्याला परत पाठवणार, असं तिला वाटलं.

“मीच,” तेजस म्हणाला.

“कसं शिकवलंत?”

त्याने बोलणी खायची तयारी केली होती. हा प्रश्न त्याला अपेक्षित नव्हता. तो आधी अडखळला, मग सांगत गेला.

“समोर बसून नाय जमत, मॅडम. ती तोंड फिरवते. बाजूला बसायचं, तिच्यासारखंच भिंतीकडं बघत. डोळ्यांत बघायला तिला त्रास होतो, म्हणून मी माझ्या कपाळावर हिची टिकली लावली. म्हटलं, टिकलीकडं बघ. तेवढं बघते. काय पायजे ते बोटानं दाखवत नाय, आपला हात धरून नेते. मग तिच्या बोटावर पेनानं ठिपका काढला. ठिपका चित्राला टेकव, सांगितलं.”

डॉक्टरांनी पेन पुन्हा उचललं होतं. तेजसच्या ते लक्षात आलं नाही.

“आवाजाचं काय? घाबरते का?”

“एकदम आला तर. आधी सांगितलं तर नाय. मिक्सर लावायच्या आधी मी पाचपर्यंत मोजतो. पाच झाले की ती आपणच कान झाकते. आणि बाइक मी गल्लीच्या तोंडाशीच बंद करतो, ढकलत आणतो. दाराशी फटफट झाली तर ती जेवत नाय.”

जागृतीने चमकून वर पाहिलं. रोज संध्याकाळी घामाघूम होऊन बाइक ढकलत येणारा नवरा तिला आठवला. पेट्रोल वाचवतो, असंच तिला वाटत आलं होतं. मिक्सरपुढे उभं राहून एक, दोन, तीन मोजायची त्याची खोड तर सासूबाईंनाही हसू आणायची.

तो बोलतच होता. नवीन फ्रॉक दोनदा धुऊन द्यावा लागतो. भात आणि डाळ ताटात एकमेकांना लागता कामा नये. पाहुणे येणार असले की तो तिला आधी गच्चीवर नेतो. सांगता सांगता तो एकदम थांबला. डॉक्टरांसमोरचं पान जवळजवळ भरलं होतं.

“हे सगळं लिवलात तुमी?”

“मी जे प्रश्न विचारणार होते, त्यांचीच ही उत्तरं आहेत,” डॉक्टर म्हणाल्या. “तपासणी अजून व्हायची आहे. आणखी दोनदा यावं लागेल. मी आज काहीच नक्की सांगणार नाही. फक्त एक राहिलं.” त्या जागृतीकडे वळल्या. “तिचं वेगळेपण घरात पहिल्यांदा केव्हा लक्षात आलं?”

“वर्ष झालं असेल,” जागृती म्हणाली.

डॉक्टरांनी ते लिहिलं. तेजस पुढे झुकून त्या अक्षरांकडे बघत राहिला. कोपऱ्यात निळे ठोकळे संपले होते आणि मनस्वीने लाल घेतले होते.

“ते खोडा, मॅडम,” तो हळूच म्हणाला. “दोन वर्षं लिवा. मला हिच्याही आदीपासून म्हायती हाय.”