धूर कायद्यात नाही

ठाण्याच्या कचेरीतल्या साहेबाने परशुरामचा अर्ज परत सरकवला. "आगीच्या बंबावर बारा वर्षं राबलास, छातीत धूर बसला, सगळं खरं. पण गोऱ्याच्या वेळच्या कायद्यात धुराचा आजार नाही. आगीत डोक्यात वासा पडला असता, तर बायकोला भरपाई मिळाली असती."

"म्हंजे मेल्यावर?" शेजारी उभ्या त्याच्या बायकोने, तुळसाने घाबरून विचारलं.

साहेबाने पुढच्याला हाक मारली.

तिसऱ्या दिवशी बंबखान्याची घंटा वाजली. चार पावलांत धापा टाकणारा परशुराम उठून पळत सुटला. जाताना एवढंच म्हणाला, "भिऊ नकोस गं, तुझं भागेल."

तुळसाने वळून पाहिलं. बारा वर्षं चिंचेने घासलेला, एकदाही न विसरलेला, आगीवर जाताना डोक्यावर घालायचा पितळी टोप खुंटीवरच होता.