ओट्यावरची सावली

"पिवळा की पांढरा, काकू?" दुकानदाराने दोन्ही दिवे लावून विचारलं. कुंदाताईंनी नवऱ्याकडे पाहिलं. स्वयंपाकघर नवं करायचं खूळ त्यांचंच होतं.

निवृत्त झाल्यावर दिगंबररावांना स्वयंपाकाची हौस आली आणि दुसऱ्याच दिवशी कांदा चिरताना बोट कापलं. "ट्यूबलाइट पाठीमागे, ओट्यावर आपलीच सावली. माणसाला दिसणार तरी कसं?" ते वैतागले. नवी नवरी होत्या तेव्हापासून कुंदाताई हेच सांगत होत्या. दर वेळी त्यांना नवा चष्मा मिळाला होता.

राग यायला हवा होता, निदान हसू तरी. आत काहीच हललं नाही. "पांढरा द्या," त्या म्हणाल्या.

ओट्यावर दिव्यांची ओळ लागली. दिगंबररावांनी शेजाऱ्यांना बोलावून दाखवली. मग बायकोकडे वळून म्हणाले, "बघ, कसं लख्ख दिसतंय आता."

"हो," कुंदाताई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला ते चहा मागायला आत आले, तर कुंदाताई अंधारात कांदा चिरत होत्या. बारीक, एकसारखा.

"अगं, दिवा तरी लाव."

"बटण कुठंय?" त्यांनी विचारलं. हातातली सुरी थांबली नव्हती.