वाटीतला लेप

सुशीलाबाईंनी दाराच्या चौकटीला कडूलिंबाची डहाळी खोचली आणि आत येऊन नातीच्या पायांवर तांब्यातलं पाणी घातलं. रुचिकाने पाय ओढून घेतले.

ती खाटेवर भिंतीला टेकून बसली होती. सारा चेहरा लाल, सुजलेला. गालांवर बारीक तपकिरी खपल्या एकीला एक लागून धरलेल्या. ओठांच्या कडेलाही खपली होती, त्यामुळे तोंड पुरतं उघडत नव्हतं.

सकाळीच तिने आजीला सगळं सांगितलं होतं. मुरुमांचे खड्डे बुजावेत म्हणून नागपूरच्या डॉक्टरने मशीनने चेहऱ्याची वरची कातडी जाळली. खपल्या आपोआप पडतील. तोवर ऊन नको, चुलीची धग नको, नख लावायचं नाही, दिलेल्या मलमाशिवाय चेहऱ्याला काही लागू द्यायचं नाही. नाहीतर डाग काळे पडतील आणि चेहरा आधीपेक्षा वाईट दिसेल. सुशीलाबाईंनी नीट ऐकून घेतलं. मग भाजीला फोडणी न देताच त्या डहाळी तोडायला गेल्या.

"आजी, मले माता नाही आली. सांगतलं न तुले."

"आयकलं मी. डॉक्टरनं आणली," सुशीलाबाई म्हणाल्या. "ते कोन्याही वाटेनं येते, बाई."

घरातले बाकी सगळे भाताच्या रोवण्यासाठी बांधीत, शेतावर, गेले होते. समजावून सांगायला दुसरं कोणी नव्हतं. शिवाय डॉक्टरने सांगितलेलं आणि अंगावर देवीचे फोड आले की पाळतात म्हणून आजी पाळत होती ते जवळजवळ सारखंच होतं. ऊन नको, धग नको, खपलीला नख नको. त्यामुळे नेमकं भांडायचं कशावर, हेच रुचिकाला कळेना.

दारावरची डहाळी पाहून शेजारच्या शोभाताई आल्या. चपला त्यांनी लांब अंगणाच्या कडेला काढल्या आणि डोक्यावरून पदर घेतला. एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्यात वाटी. वाटीत कडूलिंबाचा पाला आणि हळद वाटलेला लेप होता. याच शोभाताई बोडीवर, तळ्याकाठी कपडे धुताना चारचौघींत म्हणायच्या, रुचिकाच्या तोंडाची चाळणी झाली, आता पीठ चाळायला घ्या. आज त्यांनी खाटेसमोर जमिनीला कपाळ टेकवलं.

रुचिकाने आजीकडे पाहिलं. आजी हात जोडून उभी होती.

खरं सांगावं, तर संध्याकाळपर्यंत साऱ्या बांध्यांमधून फिरलं असतं की रुचिका पैसे देऊन तोंड जाळून आली. न सांगावं, तर लेप समोर होता. शोभाताईंनी तिचे पाय धुतले, पदराने पुसले आणि वाटीत बोटं बुडवली. पिवळी बोटं गालाकडे येऊ लागली.

काकू, थांबा, असं रुचिकाला म्हणायचं होतं. पण ओठ उघडेनात. शब्द घशातून निघाले, जाड, तिचे तिलाच अनोळखी.

"तोंडाले हात लावू नोको."

शोभाताईंची बोटं तिथेच थांबली. त्यांनी वाटी खाली ठेवली. हात जोडले.

"चुकलं, माय." त्या जागच्या हलल्या नाहीत. आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "माय, माही उर्वशी. पोरीचं तोंड फोडायनं भरलं. लिंबू लावून पाहिला, टूथपेस्ट लावली, हळद लावली. धरून बसवून घासलं तिले. रडते, पण जात नाही. आता शाळेत जात नाही म्हनते. काय करू?"

रुचिकाला डॉक्टरचं नाव आठवलं. दवाखाना कुठे आहे, तेही सांगता आलं असतं. मी माता नाही, एवढंच म्हणता आलं असतं. यातलं काहीच बाहेर पडलं नाही.

"तिच्या तोंडाले हात लावू नोको," ती म्हणाली. "तोंडावरून बोलू बी नोको. कोनीच."

"हळद बी नाही?"

"काही नाही."

शोभाताईंनी पुन्हा कपाळ टेकवलं. तांब्या उचलला आणि पाठ न दाखवता दारापर्यंत गेल्या. वाटी तिथेच राहिली.

थोड्या वेळाने कुडापलीकडून त्यांचा आवाज आला. उर्वशी, ते तोंडावरचं धुऊन टाक, साध्या पान्यानं. मग पुन्हा, हळू, अवं नाही रागवत, धू म्हनलं न.

सुशीलाबाईंनी वाटी उचलून खिडकीत ठेवली. लेपाला वरून काळपट साय धरू लागली होती. त्या खाटेच्या पायथ्याशी बसल्या. बराच वेळ नातीचा चेहरा पाहत राहिल्या. सकाळपासून त्यांनी असं एकदाही पाहिलं नव्हतं.

"रुचिका," त्यांनी विचारलं, "हे तू बोलली का?"

रुचिकाने आठवून पाहिलं. पहिल्यांदा बोलली ती वाटीला भिऊन, तेवढं नक्की होतं. दुसऱ्यांदाचं तिला सांगता येईना.

गाल खाजू लागला. हात आपसूक वर गेला आणि कोणी दटावल्यासारखा, गालाला न लागता, खाली आला.